उडी कुत्र्याची, जबाबदारी माणसाची

कुत्रा सुरुवातीच्या रेषेवर बसलेला असतो. त्याचा साथीदार, म्हणजे हँडलर, काही पावले पुढे उभा राहून हात हलवतो आणि दोघेही धावत सुटतात. आडव्या दांड्यांवरून उड्या, बोगद्यातून आरपार, उंच फळीवरून तोल सांभाळत धाव, एका रांगेत रोवलेल्या बारा खांबांमधून नागमोडी वाट, मग पुन्हा उडी. तीस-चाळीस सेकंदांत सगळा खेळ संपतो. कुत्रा शेपटी हलवत, जीभ बाहेर काढून मालकाच्या अंगावर झेपावतो. पाहणाऱ्यांना वाटते, किती आनंदात आहे!

तो आनंद खरा असतो. पण या तीस-चाळीस सेकंदांत कुत्र्याच्या खांद्यांवर, पाठीवर आणि बोटांवर किती भार पडतो, हे प्रेक्षकांच्या जागेवरून दिसत नाही. ‘डॉग ॲजिलिटी’ हा खेळ आज जगभर खेळला जातो. त्यात होणाऱ्या इजा हा गेल्या दीड-दोन दशकांत पशुवैद्यकांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. या अभ्यासांमुळे काही अडथळे बदलले, एक तर मैदानातून कायमचा बाहेर गेला. काही समजुतीही खोट्या ठरल्या.

मध्यंतरातला खेळ

या खेळाचा जन्म करमणुकीतून झाला. तेव्हा लंडनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वान प्रदर्शनात १९७८ मध्ये मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना गुंतवून ठेवायला काहीतरी हवे होते. आयोजन समितीतील जॉन व्हार्ली यांनी कुत्र्यांचे प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांसाठी अडथळ्यांचे मैदान उभारले. लोकांना तो प्रकार इतका आवडला की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला अधिकृत मान्यता दिली. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा १९९४ मध्ये सुरू झाल्या आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची जागतिक स्पर्धा १९९६ पासून भरू लागली.

म्हणजे सुरुवातीचे अडथळे प्रेक्षकांच्या नजरेसाठी बनले होते, कुत्र्याच्या सांध्यांचा विचार करून नव्हे. त्या वेळी कुत्र्यांचा वेगही बेताचा होता. पुढे प्रशिक्षण सुधारले, बॉर्डर कॉलीसारख्या चपळ जातींचे कुत्रे खास या खेळासाठी तयार होऊ लागले, सेकंदाच्या शंभराव्या भागावर हार-जीत ठरू लागली. मैदानात वेग वाढला. मंद गतीत निरुपद्रवी वाटणारा अडथळा वेगात धोकादायक ठरू शकतो, हे हळूहळू लक्षात येऊ लागले.

दर तीन कुत्र्यांमागे एक

इजा किती होतात, याचा अंदाज मोठ्या सर्वेक्षणांतून येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात १,६२७ कुत्र्यांची माहिती होती. त्यातल्या ३३ टक्के कुत्र्यांना खेळताना इजा झाली होती. २०१३ मध्ये २७ देशांतल्या ३,८०१ कुत्र्यांची माहिती गोळा झाली, तेव्हा हे प्रमाण ३२ टक्के निघाले. २०२१ मधल्या आणखी एका सर्वेक्षणात ४,७०१ कुत्र्यांपैकी सुमारे ४२ टक्के कुत्र्यांना कधी ना कधी इजा झाल्याचे त्यांच्या मालकांनी कळवले.

हे आकडे मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेले आहेत. ज्याच्या कुत्र्याला इजा झाली, तो असा अर्ज भरायला जास्त उत्सुक असतो, ही त्यातली मर्यादा संशोधकांनाही ठाऊक आहे. शिवाय बहुतेक इजा किरकोळ असतात, काही आठवड्यांच्या विश्रांतीने बऱ्या होतात. तरीही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या पाहण्यांत एक तृतीयांशाच्या आसपासचा आकडा पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा तो बाजूला सारता येत नाही.

सर्वाधिक इजा खांद्याला होतात. त्याखालोखाल पाठ, पायांची बोटे आणि मान. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा ‘इलिओप्सोआस’ नावाचा स्नायू ताणला जाणे हीदेखील या खेळाडू कुत्र्यांची नेहमीची तक्रार आहे. अडथळ्यांमध्ये साध्या दांडीवरची उडी पहिली, त्यानंतर ए-फ्रेम आणि मग डॉगवॉक, असा इजांचा क्रम २०१३ च्या सर्वेक्षणात लागला. ए-फ्रेम म्हणजे घराच्या उतरत्या छपरासारख्या एकमेकींना टेकलेल्या दोन रुंद फळ्या. डॉगवॉक म्हणजे सुमारे सव्वा मीटर उंचीवरचा, अवघा ३० सेंटीमीटर रुंद पूल.

उडी पहिल्या क्रमांकावर आहे, याचे एक कारण अगदी साधे आहे. मैदानात पंधरा ते बावीस अडथळे असतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक उडीचेच असतात. पण दुसरे कारण कुत्र्याच्या शरीररचनेत आहे.

खांद्याला हाडाचा आधारच नाही

माणसाच्या खांद्याला गळ्याजवळचे हाड, म्हणजे हंसळी, छातीच्या सांगाड्याशी जोडते. कुत्र्याची हंसळी जवळपास नाहीशीच झाली आहे. त्याचे पुढचे पाय धडाशी हाडाने जोडलेले नसतात. स्नायू आणि स्नायुबंध यांच्या झोळीत त्याचे धड दोन पायांच्या मध्ये तोललेले असते. ही रचना धावताना फार उपयोगी पडते, कारण खांदा मोकळेपणाने पुढे-मागे सरकतो आणि पाऊल लांब पडते. पण उडीनंतर जमिनीवर आदळण्याचा सगळा धक्काही याच स्नायूंना झेलावा लागतो.

नुसते उभे असतानाही कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उडी मारून तो उतरतो तेही पुढच्या पायांवर. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०११ मध्ये जमिनीत बसवलेल्या वजनमापकांवर कुत्र्यांना उतरवून हा धक्का मोजला. दांडीवरची उडी उतरताना पुढच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेचार पट जोर येतो, असे दिसले. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याचे पुढचे पाय त्या क्षणी ६५ ते ७० किलोंचा भार पेलतात. एका फेरीत दहा-बारा उड्या, दिवसात तीन-चार फेऱ्या आणि आठवडाभराचा सराव असा हिशोब मांडला, तर एकदाच होणाऱ्या मोठ्या अपघातापेक्षा रोज थोडे थोडे झिजणे का महत्त्वाचे, ते कळते.

उतरताना कुत्रा सरळ पुढे धावणार असेल, तर हा जोर दोन्ही पायांत बऱ्यापैकी वाटला जातो. पण पुढचा अडथळा आडव्या दिशेला असेल आणि हँडलरने इशारा उशिरा दिला, तर कुत्रा हवेतच अंग पिळतो आणि एका पायावर वळत उतरतो. खांद्याच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध दुखावण्याचा हा हमखास मार्ग आहे. म्हणूनच मैदानाची आखणी करणाऱ्या पंचावर मोठी जबाबदारी असते. टायरमधून उडी, लांब उडी आणि रुंद उडी या अडथळ्यांकडे कुत्रा सरळ रेषेतच यावा, तिरका नव्हे, अशी मांडणी करण्याची अपेक्षा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे.

मैदानातून गेलेला बोगदा

अडथळ्याची रचना बदलून धोका कमी करता येतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे कापडी बोगदा. त्याचे तोंड पिंपासारखे कडक असे आणि पुढे काही मीटर लांब कापडी नळी जमिनीवर सपाट पडलेली असे. कुत्र्याने आत शिरायचे आणि पुढचे काहीही दिसत नसताना डोक्याने कापड उचलत बाहेर पडायचे. सुरुवातीच्या संथ काळात हा गमतीचा प्रकार होता. वेग वाढल्यावर चित्र पालटले. कापड वाऱ्याने किंवा आधीच्या कुत्र्यामुळे पिळले गेले, पावसाने भिजून जड झाले, की वेगात आलेला कुत्रा त्यात गुरफटायचा. आंधळेपणाने पळताना मानेला आणि पाठीला हिसका बसायचा. अमेरिकन केनेल क्लबने २०१६ मध्ये हा अडथळा स्पर्धांतून काढून टाकला. इतर प्रमुख संघटनांनीही तोच मार्ग धरला. आता फक्त दोन्ही तोंडे उघडी असलेला बोगदा उरला आहे आणि तोही धावत्या कुत्र्याच्या धक्क्याने सरकू नये म्हणून वजनाच्या पिशव्यांनी जागच्या जागी घट्ट बसवला जातो.

टायरचेही तसेच. पूर्वी चौकटीत टांगलेले वर्तुळ अखंड असे. कुत्र्याचा अंदाज चुकला, तर तो पूर्ण वेगात त्यावर आदळे. आता ठरावीक जोर बसताच टायरचे भाग सुटे होतात. उडीची दांडी खोबणीत घट्ट बसवलेली नसते, नुसती टेकवलेली असते. पाय लागला की ती पडते. दांडी पडली तर गुण जातो, पण पाय वाचतो. नागमोडी खांबांमधले अंतर पूर्वी सुमारे ५० सेंटीमीटर असे, आता ते ६० सेंटीमीटर आहे. या दहा सेंटीमीटरमुळे मोठ्या कुत्र्याच्या कण्याला कमी पिळावे लागते.

वरखाली होणाऱ्या फळीची, म्हणजे सीसॉची, चाचणीही ठरलेली आहे. एफसीआयच्या नियमानुसार फळीच्या टोकाकडच्या रंगीत पट्ट्याच्या मध्यावर एक किलोचे वजन ठेवले, की फळी ठरावीक वेळेत जमिनीला टेकली पाहिजे. फळी फार सावकाश खाली आली, तर लहान कुत्रा हवेत अडकून घाबरतो आणि उडी टाकतो. फार झटकन आली, तर टेकताना त्याला जोराचा हादरा बसतो.

तो रंगीत पट्टा निव्वळ शोभेचा नाही. डॉगवॉक, ए-फ्रेम आणि सीसॉ यांच्या टोकांना वेगळा रंग दिलेला असतो आणि उतरताना त्या भागाला पाय लागला नाही तर दंड होतो. कारण हा नियम नसता, तर वेळ वाचवण्यासाठी कुत्र्यांना उंचावरूनच खाली झेप घ्यायला शिकवले गेले असते.

उंचीचा प्रश्नही असाच हाताळला गेला. एफसीआयच्या स्पर्धांत पूर्वी कुत्र्यांचे तीन गट होते. ४३ सेंटीमीटरपेक्षा उंच असलेले सगळे कुत्रे एकाच मोठ्या गटात येत आणि त्यांना ५५ ते ६५ सेंटीमीटरच्या उड्या माराव्या लागत. गटाच्या तळाशी असलेल्या ४४ सेंटीमीटरच्या कुत्र्याला स्वतःच्या खांद्यापेक्षा कितीतरी वर झेपावे लागे. उडीची उंची वाढते, तशी मान आणि कणा यांची वाकण्या-ताणण्याची मर्यादा गाठली जाते, हे चित्रीकरणातून दिसले आहे. २०२३ पासून चौथा गट सुरू झाला. आता ४३ ते ४८ सेंटीमीटर उंचीच्या कुत्र्यांना ४५ ते ५० सेंटीमीटरची उडी असते आणि सर्वांत मोठ्या गटाची कमाल उंचीही ६० सेंटीमीटरवर आली आहे.

समजूत आणि मोजमाप

मात्र प्रत्येक सुधारणा वाटते तितकी उपयोगी ठरतेच असे नाही. ए-फ्रेमचा चढ तीव्र असल्याने त्यावर धडकताना पुढच्या पायाचे मनगट जास्त मागे वाकते आणि दुखावते, म्हणून चढ कमी करावा, असा आग्रह बराच काळ होता. ए-फ्रेमची उंची कमीही झाली आहे. एफसीआयच्या नियमांत ती आता १.७० मीटर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४०, ३५ आणि ३० अंशांच्या चढांवर कुत्रे धावताना मनगटाचा कोन मोजला. तिन्ही चढांवर मनगट जवळपास सारखेच वाकत होते.

याचा अर्थ ए-फ्रेम निर्धोक आहे असा नाही. खांद्यावर, कण्यावर आणि उतारावर येणाऱ्या भाराचे प्रश्न वेगळे आहेत. पण एक कोन बदलला की प्रश्न सुटला, असे मानता येत नाही, एवढे यातून कळते. तशीच गोष्ट खेळाआधी अंग मोकळे करण्याची. २०१३ च्या सर्वेक्षणात, खेळाआधी कुत्र्याला चालवून-फिरवून तयार करण्याचा आणि इजा कमी होण्याचा स्पष्ट संबंध आढळला नाही. पशुवैद्य आजही तसे करायला सांगतात, कारण त्यात नुकसान काही नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून राहणे बरोबर नाही.

मग फरक कशाने पडतो? त्याच सर्वेक्षणात ज्या हँडलरना या खेळाचा पाच वर्षांहून अधिक अनुभव होता, त्यांच्या कुत्र्यांना इजा कमी झाल्या होत्या. नवख्या कुत्र्यांना जास्त झाल्या होत्या. बॉर्डर कॉली जातीला धोका अधिक होता आणि ज्यांना आधी इजा झाली होती त्यांना पुन्हा होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली होती. २०१८ मधल्या अभ्यासात लांब नखे आणि बोटांच्या इजा यांचा संबंध दिसला. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला असणारे अंगठ्यासारखे बोट लहानपणीच कापून टाकलेल्या कुत्र्यांनाही बोटांच्या इजा जास्त होत्या. अनेकांना निरुपयोगी वाटणारे ते बोट वेगात वळताना जमिनीला टेकून पायाला आधार देते. गुडघ्याचा स्नायुबंध तुटण्यावरच्या २०२२ मधल्या अमेरिकी अभ्यासात, पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमित करणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा धोका कमी आढळला. या सगळ्या अभ्यासांत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरी त्यांचा रोख एकाच दिशेने आहे. अडथळा सुरक्षित असणे जितके गरजेचे, तितकेच कुत्र्याचे शरीर त्यासाठी तयार असणेही.

कुत्रा लंगडण्याआधी

माणूस खेळाडू असेल तर तो खांदा धरून बसतो, आज खेळणार नाही म्हणतो. कुत्रा तसे करत नाही. खेळाच्या नादात आणि मालकाला खूश करण्याच्या ओढीत तो वेदना दडवतो. लंगडणे हे बऱ्याचदा उशिराचे लक्षण असते. त्याआधीच्या खुणा बारीक असतात. एरवी सहज पार होणाऱ्या दांड्या पडू लागतात. खांबांच्या रांगेतून कुत्रा मध्येच बाहेर येतो. एकाच बाजूला वळायला तो नाखूश असतो. झोपून उठताना अंग आखडलेले दिसते, गाडीत उडी मारण्याआधी तो क्षणभर थबकतो, एकच पंजा वारंवार चाटतो. या खुणांना हट्टीपणा किंवा आळस समजून सराव वाढवला, तर ताणलेला स्नायू फाटायला वेळ लागत नाही.

वयाचे बंधनही याच विचारातून आले आहे. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे वाढते थर असतात आणि तेच सांध्याजवळचा सर्वांत नाजूक भाग असतात. बहुतेक जातींत ते वर्षभराच्या आसपास बंद होतात, मोठ्या जातींत त्याहून उशिरा. एफसीआयच्या स्पर्धांत उतरायला कुत्रा किमान १८ महिन्यांचा आणि अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांत किमान १५ महिन्यांचा असावा लागतो, तो यामुळेच.

आपल्याकडे अजून हा खेळ मोजक्या लोकांपुरता आहे. पण शहरांत कुत्र्यांसाठीची उद्याने उभी राहू लागली आहेत. हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये सुरू केलेल्या श्वान उद्यानात कुत्र्यांसाठी असे अडथळेही आहेत. सोसायटीच्या बागेत प्लॅस्टिकचे पाइप लावून हौसेने उड्या शिकवणारे पालकही दिसतात. त्यांच्यासाठी या सगळ्या संशोधनातून निघणाऱ्या गोष्टी अवघड नाहीत.

कुत्र्याचे वजन आटोक्यात ठेवावे, कारण जादा किलो प्रत्येक उडीत काही पटींनी जाणवतो. नखे वेळेवर कापावीत. वर्षाच्या आतल्या पिल्लाला दांडी जमिनीवर ठेवून ओलांडायला शिकवावे, उडी नंतर. दांडी नेहमी धक्का लागताच पडेल अशी ठेवावी, बांधलेली कधीच नको. फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर उड्या नकोत; माती, गवत किंवा पाय न सरकणारी चटई हवी. गळ्यात लोंबणारी साखळी किंवा बिल्ला असेल तर काढून ठेवावा. आपल्या उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळशिवाय हा खेळ नकोच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना ते नीट जमत नाही.

आणि एखाद्या दिवशी रोजची उडी मारताना कुत्रा थबकला, तर त्याला पुढे ढकलण्याऐवजी त्या दिवशीचा खेळ थांबवावा. दोन दिवसांनीही तसेच दिसले, तर पशुवैद्याकडे न्यावे.